ऐकलेली युद्धे

डोळ्यांच्या पडद्याचा विकार वाढत गेला आणि सहा वर्षांपूर्वी छापील अक्षराशी असलेला माझा संबंध जवळजवळ संपला. मंडळाच्या ग्रंथालयातून आठवड्याला दोन पुस्तके आणण्याचा चाळीस वर्षांचा परिपाठ मोडला. नातवाने मोबाइलमध्ये श्राव्य पुस्तकांची सोय करून दिली, तेव्हा आरंभी मी चरित्रे आणि प्रवासवर्णने ऐकली. पण झोप न येणाऱ्या रात्रींत मन हळूहळू भलतीकडेच वळले. परग्रहांवरच्या सैन्यांच्या आणि कधीच अस्तित्वात नसलेल्या राज्यांच्या लढाया मी ऐकू लागलो. मंडळातील स्नेह्यांना हे कळले आणि व्हायची ती थट्टा झाली. आयुष्यभर इतिहासावर व्याख्याने देणाऱ्या माणसाने पंच्याहत्तरी उलटल्यावर राक्षसांच्या नि अवकाशयानांच्या लढाया ऐकाव्यात, हे त्यांना रुचले नाही. थट्टा मनाला लावून घेण्याचे माझे वय राहिलेले नाही. मात्र तिला उत्तर शोधता शोधता एक गोष्ट हाती लागली, ती वाचकांपुढे ठेवतो. कानांसाठी केलेले पुस्तक आणि कल्पित महायुद्धाची कादंबरी, या दोहोंच्या आजच्या रूपाची मुळे शोधत गेले की आपण फ्रान्समधील एकाच नदीच्या खोऱ्यात आणि एकाच वर्षात येऊन पोहोचतो. नदी सॉम, वर्ष १९१६.

त्या वर्षी १ जुलैला सॉमच्या आघाडीवर ब्रिटिश सैन्याने चढाई केली आणि एका दिवसात सत्तावन्न हजारांहून अधिक माणसे गमावली. त्यांपैकी एकोणीस हजारांवर ठार झाली. त्याच महिन्यात, त्याच मोहिमेत इयन फ्रेझर नावाच्या अठरा वर्षांच्या अधिकाऱ्याच्या डोळ्यांवर गोळी लागली आणि त्याची दृष्टी कायमची गेली. लंडनमध्ये आर्थर पिअर्सन या अंध वृत्तपत्रमालकाने आदल्याच वर्षी युद्धात अंध झालेल्यांसाठी 'सेंट डन्स्टन्स' ही संस्था काढली होती. फ्रेझर तिथे गेला, सावरला, आणि १९२१ मध्ये पिअर्सनच्या पश्चात तिचा अध्यक्ष झाला. पुढे तो पार्लमेंटातही गेला.

संस्थेपुढचा मोठा प्रश्न ब्रेलचा होता. जन्मांध मूल ब्रेल सहज आत्मसात करते. परंतु पंचविशीत अंध झालेल्या शिपायाची नांगर वा बंदूक धरून निबर झालेली बोटे ते ठिपके ओळखीनात. काहींचे तर हातच गेलेले. या माणसांनी वाचायचे कसे? एडिसनने फोनोग्राफ तयार केल्यावर १८७८ मध्येच त्याच्या संभाव्य उपयोगांत अंधांसाठी पुस्तकांचा उल्लेख केला होता. पण नेहमीच्या तबकडीची एक बाजू चार-पाच मिनिटांत संपत असे. फ्रेझरच्या पुढाकाराने बरीच वर्षे प्रयोग चालले आणि मिनिटाला चोवीस फेरे घेणारी, एका बाजूवर सुमारे पंचवीस मिनिटे वाचन मावणारी तबकडी सिद्ध झाली. नोव्हेंबर १९३५ मध्ये ब्रिटनमधील बोलक्या पुस्तकांचे ग्रंथालय सुरू झाले. अमेरिकेत असा उपक्रम त्याच सुमारास, किंचित आधीच, सुरू झाला होता. लंडनच्या पहिल्या पुस्तकांत अगाथा ख्रिस्तीची एक रहस्यकथा होती आणि जोसेफ कॉनरॅडची 'टायफून' होती. एका कादंबरीला साधारण दहा तबकड्या लागत.

या इतिहासाचा एक धागा आपल्याकडेही येतो. दुसऱ्या महायुद्धात अंध झालेल्या भारतीय जवानांसाठी डेहराडूनला सेंट डन्स्टन्सचे वसतिगृह निघाले. ते उभारणारे क्लुथा मॅकेन्झी हे न्यूझीलंडचे. १९१५ मध्ये गॅलिपोलीच्या रणात त्यांचे डोळे गेले होते. बेळगावच्या केंद्रात घडलेल्या मराठा पलटणी केरेनच्या डोंगरांत आणि पुढे इटलीत लढत होत्या, त्याच काळातली ही गोष्ट. आज डेहराडूनला दृष्टिहीनांसाठी जी राष्ट्रीय संस्था उभी आहे, तिचे मूळ त्या वसतिगृहात आहे.

आता सॉमच्या काठच्या दुसऱ्या तरुणाकडे वळू. लँकेशायर फ्युझिलिअर्सच्या अकराव्या बटालियनमधील हा संदेशवहन अधिकारी ऑक्सफर्डचा भाषाशास्त्राचा विद्यार्थी होता. नाव जॉन रोनाल्ड रूएल टॉल्किन. शाळेपासूनच्या त्याच्या जिवलग मित्रांपैकी एक पहिल्याच दिवशी पडला, दुसरा त्याच वर्षी डिसेंबरात गेला. टॉल्किनला खंदकज्वराने वाचवले असे म्हणावे लागते. नोव्हेंबरात तो आजारी अवस्थेत इंग्लंडला परतला. रुग्णशय्येच्या त्या दिवसांत त्याने 'द फॉल ऑफ गोंडोलिन' ही कथा लिहिली. पर्वतांआड लपलेल्या एका सुंदर नगराचा हा विध्वंस आहे. त्यात शत्रूचे धातूचे सरपटणारे राक्षस येतात आणि त्यांच्या पोटातून सैनिक बाहेर पडतात. सप्टेंबर १९१६ मध्ये सॉमच्या रणांगणावर जगात प्रथमच रणगाडे उतरले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या कल्पनेचे फारसे गूढ वाटत नाही. ही कथा छापली जाण्याच्या कितीतरी आधी ऐकली गेली. १९२० च्या वसंतात ऑक्सफर्डच्या एक्झिटर कॉलेजातील निबंधमंडळापुढे टॉल्किनने ती वाचून दाखवली. समोर बसलेल्या विद्यार्थ्यांत युद्धावरून परतलेलेही होते. ज्यांनी खरे ऐकले, त्यांनाच कल्पित ऐकवले जात होते. आपल्या या छोट्या मंडळात निबंधवाचन होते, तेव्हा मला हटकून ती खोली आठवते.

पुढे 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहितानाही तो प्रकरणे मित्रमंडळींना वाचून दाखवीत असे. १९४४ मध्ये विमानदलाच्या प्रशिक्षणासाठी दक्षिण आफ्रिकेत गेलेल्या मुलाला तो लिहून होतील तशी प्रकरणे पाठवी. कादंबरी १९५४-५५ मध्ये तीन खंडांत आली. तिच्यातील युद्ध म्हणजे दुसऱ्या महायुद्धाचे रूपक नव्हे, असे त्याने निक्षून सांगितले. मात्र मृतांच्या दलदलीचे वर्णन सॉमनंतरच्या उत्तर फ्रान्सचे काही देणे लागते, असे एका पत्रात कबूलही केले. पाण्याखाली मेलेले चेहरे दिसतात तो प्रसंग मी एका रात्री अडीच वाजता ऐकला. डोळ्यांनी वाचला असता तर एखादी ओळ गाळून पुढे सरकलो असतो. कानाला ती सवलत नसते. निवेदक ज्या गतीने चालतो त्या गतीने आपणही त्या चिखलातून चालायचे.

इथे माझे पहिले मत नोंदवतो. कल्पित युद्ध एकाच आवाजात ऐकावे. टॉल्किनच्या कादंबरीचे बी.बी.सी.ने १९८१ मध्ये सव्वीस भागांचे नभोनाट्य केले. त्यात इयन होल्मचा फ्रोडो आणि मायकेल हॉर्डर्नचा गँडाल्फ आहे. नट थोर आहेत, रूपांतर नेटके आहे. तरीही लढाई सुरू झाली की आरडाओरडा आणि खणखणाट यांत शब्द बुडतात. याउलट रॉब इंग्लिस यांनी १९९० मध्ये संपूर्ण कादंबरी एकट्याने वाचली, पन्नास तासांहून अधिक. तेथे तलवारीचा आवाज नाही, घोड्यांच्या टापा नाहीत. घोडदळ पहाटे येऊन पोहोचते ते केवळ वाक्यांच्या लयीतून, आणि अंगावर काटा येतो. आपल्या परंपरेत वाढलेल्याला यात नवल नाही. कीर्तनकार उत्तररंगात एकटाच दोन्ही सैन्ये उभी करतो. पोवाड्यात शाहिराला डफ, तुणतुणे आणि मागे झीलकरी एवढे पुरतात. अलीकडे अवकाशयुद्धांच्या पुस्तकांत स्फोट, यंत्रांची घरघर आणि पार्श्वसंगीत यांची जी रेलचेल असते, ती निर्मात्यांचा शब्दांवरचा विश्वास उडाल्याची खूण आहे. यंत्राविषयी खुद्द टॉल्किनही साशंक होता. १९५२ मध्ये मॉल्व्हर्नला एका मित्राने ध्वनिमुद्रणयंत्र पुढे ठेवले, तेव्हा आतले भूत निघून जावे म्हणून की काय, त्याने आधी गॉथिक भाषेत ख्रिस्ती प्रार्थना म्हटली. आणि मग आपल्या कादंबरीतले उतारे वाचले. त्या मुद्रणातला त्याचा आवाज घाईचा, किंचित अस्पष्ट, पण घोडदळाच्या चढाईपाशी एकदम उंचावणारा आहे.

आवाजाच्या या सामर्थ्याचे काळे उदाहरणही सांगितले पाहिजे. एच. जी. वेल्सची 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' ही १८९८ ची कादंबरी. मंगळवासी इंग्लंडवर चालून येतात. टास्मानियाच्या मूळ रहिवाशांचा युरोपीयांनी जसा उच्छेद केला, तसा आता आपला होत आहे, ही बोच वेल्सने आरंभीच ठेवलेली आहे. ३० ऑक्टोबर १९३८ रोजी ऑर्सन वेल्सने अमेरिकन नभोवाणीवर तिचे रूपांतर सादर केले. हल्ला इंग्लंडऐवजी न्यू जर्सीत नेला, आणि कथेचा बराच भाग बातमीपत्रांच्या रूपात, संगीताचा कार्यक्रम मध्येच थांबवून सांगितला. म्युनिकच्या पेचप्रसंगाला महिनाच लोटला होता. कार्यक्रम तोडून येणाऱ्या युद्धवार्तांची श्रोत्यांच्या कानांना सवय झाली होती. सारा देश रस्त्यावर धावत सुटला, ही वर्तमानपत्रांनी फुगवलेली गोष्ट. बहुसंख्य श्रोते त्या रात्री दुसऱ्याच केंद्रावरचा विनोदी कार्यक्रम ऐकत होते. परंतु फेब्रुवारी १९४९ मध्ये इक्वेडोरची राजधानी कितो येथे असेच नाट्य सादर झाले, तेव्हा फसवले गेल्याचे कळताच संतप्त जमावाने नभोवाणी केंद्र असलेली वर्तमानपत्राची इमारत पेटवली आणि माणसे मेली. कानाला पाहता येत नाही, त्यामुळे त्याला पडताळताही येत नाही. अंधत्वाकडे वाटचाल करणाऱ्या माझ्यासारख्याला हे रोज नव्याने कळते.

टॉल्किनच्या वाटेने पुढे असंख्य लेखक गेले. बहुतेकांनी युद्धाचे नकाशे घेतले, चिखल घेतला नाही. त्यांची पुस्तके ऐकताना सेनापतींची नावे डोक्यात राहत नाहीत (मागे उलटून पाहायला पान नसते) आणि हजारो मेले तरी मन हलत नाही. अपवाद सांगायचा तर जो हॉल्डेमन यांच्या 'द फॉरएव्हर वॉर' या १९७४ च्या कादंबरीचा. हॉल्डेमन पदार्थविज्ञान आणि खगोलशास्त्राचे पदवीधर. सक्तीच्या भरतीने व्हिएतनामला गेले आणि १९६८ मध्ये जखमी झाले. त्यांचा नायक प्रकाशाच्या वेगाशी स्पर्धा करणाऱ्या यानांतून लढायला जातो. त्याच्यासाठी काही वर्षे उलटतात, पृथ्वीवर शतके. परतावे तर आई म्हातारी झालेली, पुढे ओळखीचे कोणीच नाही, भाषाही बदललेली. हजार वर्षांहून अधिक चाललेले ते युद्ध मुळात गैरसमजातून सुरू झाले होते, असे अखेरीस कळते. सापेक्षतावादाचे गणित लेखकाने रणांगणावरून परतलेल्या शिपायाच्या परकेपणाला जुंपले आहे. या कादंबरीचे निवेदन कोरडे, जवळजवळ कंटाळलेल्या स्वरात हवे, आणि मी ऐकलेले तसेच आहे.

मराठीत श्राव्य पुस्तकांची बाजारपेठ २०१७ नंतर विस्तारली. शिवकालीन आणि पेशवेकालीन ऐतिहासिक कादंबऱ्या तिच्यात पुष्कळ. युद्धाची विज्ञानकथा मात्र क्वचित भेटते. म्हणूनच २०२५ मध्ये दिवंगत झालेल्या जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेचे मला मोल वाटते. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अशा एका जगात जाऊन पोहोचतात, जिथे पानिपतावर मराठे जिंकले आहेत. फरक एवढाच की विश्वासरावांना लागलेली गोळी तिथे त्यांच्या कानाजवळून निसटून गेली. दोन जगांमधले अंतर तिळाएवढे. मी ही कथा तीनदा वाचली होती. डोळे गेल्यावर नातसुनेकडून वाचून घेतली. ती ग्वाल्हेरची नाही, कोकणातली आहे. बखरीतल्या शब्दांपाशी अडखळे, मग मी अर्थ सांगे.

ग्वाल्हेरच्या आमच्यासारख्या घरांत पानिपत हे आधी कानांनीच आलेले आहे. संक्रांत जवळ आली की तीळ भाजता भाजता आजी सांगे. महादजी शिंदे पायाची जखम घेऊन कसे निसटले, राणेखान भिश्त्याने त्यांना बैलावर घालून कसे दक्षिणेकडे आणले. मल्हारराव होळकरांनी रण का सोडले, यावर इंदुरातले आमचे नातलग आणि आजी यांचा वाद दर भेटीला होई व तो कधी मिटला नाही. तिने पानिपतावरचे एकही पुस्तक वाचलेले नव्हते. तिने तिच्या सासूकडून ऐकले होते. सांगताना विश्वासराव पडल्याचे आले की ती थांबे, कढईखालचा विस्तव उगाच सारखा करी आणि मग पुढे बोले.

नातसुनेला मी हे सांगितले नव्हते. तिसऱ्या रात्री कथेत गोळी कानाजवळून गेल्याचे वाक्य आले, तेव्हा तीही थांबली. मला वाटले, शब्द अडला. म्हटले, "काय झाले?" ती म्हणाली, "काही नाही आजोबा. म्हटलं, वाचले." आणि पुढे वाचू लागली.