रिकामे कार्ट्रिज कोणाच्या हाती?

प्रिंटरमधून अक्षरे पुसट येऊ लागली की नवे कार्ट्रिज बसविले जाते आणि जुने टेबलाखालच्या टोपलीत जाते. घराघरांत आणि कचेऱ्यांत वर्षानुवर्षे हेच चालत आले आहे. वस्तुतः शाई संपली म्हणजे कार्ट्रिज निकामी झाले असे नव्हे. त्याचे प्लास्टिक शाबूत असते, चिप शाबूत असते आणि पुष्कळदा ते पुन्हा भरण्याजोगेही असते. म्हणूनच या रिकाम्या वस्तूला मागणी आहे. ती उत्पादक कंपनीला हवी असते, पुनर्भरण करणाऱ्या दुकानदाराला हवी असते आणि बनावट माल विकणाऱ्यालाही हवी असते. यांपैकी कोणीच ती उचलली नाही, तर तिची रवानगी कचराभूमीवर होते. रिकामे कार्ट्रिज कोणाच्या हाती जावे, हे ठरविण्याची संधी ग्राहकाला एकदाच मिळते. ती म्हणजे ते टोपलीत टाकण्यापूर्वी.

आत काय असते?

इंकजेट प्रिंटरच्या कार्ट्रिजमध्ये द्रवरूप शाई असते. काही कार्ट्रिजमध्ये शाईच्या टाकीलाच मुद्रणशीर्ष जोडलेले असते. त्यात केसाहून बारीक छिद्रे आणि विजेची जोडणी असते. काही प्रिंटरांत मात्र मुद्रणशीर्ष यंत्रातच बसविलेले असते आणि कार्ट्रिज म्हणजे चिप लावलेली साधी टाकी असते. पहिल्या प्रकारचे कार्ट्रिज टाकून देणे म्हणजे शाईबरोबर एक नाजूक यंत्रच टाकून देणे होय.

लेझर प्रिंटरचे कार्ट्रिज अधिक गुंतागुंतीचे असते. त्यात टोनरची भुकटी असतेच. शिवाय अनेक प्रकारांत प्रकाशसंवेदी ड्रम, चुंबकीय रोलर, भुकटी पुसणारी पट्टी आणि वाया गेलेली भुकटी साठविण्याचा कप्पा हे सारे एकाच आवरणात असते. टोनर म्हणजे शाई नव्हे. ती प्लास्टिकची अतिशय बारीक भुकटी असते. तिच्या कणांचा आकार साधारणतः ५ ते १० मायक्रॉन असतो आणि काळ्या टोनरमध्ये रंगासाठी प्रामुख्याने कार्बन ब्लॅक म्हणजे शुद्ध काजळी वापरली जाते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने कार्बन ब्लॅकचा समावेश 'मानवात कर्करोगास कारणीभूत ठरण्याची शक्यता असलेल्या' पदार्थांच्या गटात केला आहे. बंद कार्ट्रिज हाताळणाऱ्याने यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. परंतु भंगारात ते हातोडीने फोडले जाते, तेव्हा ही भुकटी हवेत उडते आणि फोडणाऱ्याच्या श्वासावाटे आत जाते. ते उघड्यावर जाळले, तर प्लास्टिकचा विषारी धूर होतो. आपल्या टोपलीतून गेलेल्या कार्ट्रिजची किंमत अशा रीतीने कचरावेचक आणि भंगार कामगार मोजत असतात.

कायदा काय सांगतो?

भारतात कार्ट्रिज हा साधा सुका कचरा मानला जात नाही. १ मे २०१२ पासून अमलात आलेल्या ई-कचरा नियमांच्या अनुसूचीतच 'कार्ट्रिजसह प्रिंटर' असा उल्लेख होता. १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू झालेल्या नियमांनी उपकरणांबरोबरच त्यांचे सुटे भाग आणि वापरून संपणारे घटक यांनाही आपल्या कक्षेत घेतले. सध्या २०२२ चे नियम लागू असून त्यांची अंमलबजावणी १ एप्रिल २०२३ पासून सुरू झाली.

या साऱ्या नियमांचा गाभा 'उत्पादकाची विस्तारित जबाबदारी' हा आहे. वस्तू विकली म्हणजे कंपनीचे काम संपले असे होत नाही. बाजारात आणलेल्या मालाच्या वजनाच्या प्रमाणात पुनर्प्रक्रिया घडवून आणणे तिला बंधनकारक आहे. हे लक्ष्य २०२३-२४ आणि २०२४-२५ या वर्षांसाठी ६० टक्के, त्यापुढील दोन वर्षांसाठी ७० टक्के आणि २०२७-२८ पासून ८० टक्के असे ठरविण्यात आले. त्यासाठी कंपन्यांना नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्रांकडून प्रमाणपत्रे घ्यावी लागतात. येथेच कार्ट्रिजची अडचण होते. या प्रमाणपत्रांचा हिशेब सोने, तांबे, अॅल्युमिनियम आणि लोखंड या धातूंवर बेतलेला आहे. कार्ट्रिजचा बराचसा भाग प्लास्टिकचा असल्याने जुन्या संगणकाच्या मानाने पुनर्प्रक्रिया करणाऱ्याला त्यात फारसे आकर्षण उरत नाही. त्यामुळे नियमांत नाव असूनही कार्ट्रिज आपोआप योग्य ठिकाणी पोहोचत नाही. ते कोणीतरी जाणीवपूर्वक पोहोचवावे लागते.

एखाद्या आर्थिक वर्षात कोणत्याही वेळी अनुसूचीतील किमान १,००० उपकरणे वापरणाऱ्या संस्थांना हे नियम 'मोठे ग्राहक' मानतात. अशा बँका, महाविद्यालये, कंपन्या आणि शासकीय कार्यालये यांनी आपला ई-कचरा नोंदणीकृत उत्पादक, दुरुस्ती केंद्र किंवा पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच सोपविला पाहिजे. तो लिलावात सर्वाधिक बोली लावणाऱ्या कोणत्याही भंगार व्यापाऱ्याला देता येत नाही.

कंपनीला परत

वापरलेली कार्ट्रिज परत घेण्याची पद्धत जुनी आहे. कॅनन कंपनीने टोनर कार्ट्रिज परत घेण्याचा उपक्रम १९९० मध्ये सुरू केला. एचपीची 'प्लॅनेट पार्टनर्स' योजना १९९१ पासून सुरू असून ती भारतातही राबविली जाते. परत आलेली कार्ट्रिज एचपी सहसा पुन्हा भरून विकत नाही. ती सुटी केली जातात, प्लास्टिकचा चुरा केला जातो आणि पाण्याच्या बाटल्यांपासून मिळालेल्या प्लास्टिकमध्ये मिसळून त्यापासून नवी कार्ट्रिज घडविली जातात.

ऑस्ट्रेलियाचा अनुभव याबाबत उद्बोधक आहे. तेथे 'कार्ट्रिजेस फॉर प्लॅनेट आर्क' हा उपक्रम २००३ मध्ये सुरू झाला. प्रतिस्पर्धी कंपन्या त्यात एकत्र आल्या आणि ग्राहकाला कोणत्याही सहभागी कंपनीचे कार्ट्रिज एकाच पेटीत टाकण्याची सोय झाली. उरलेल्या टोनरचे काय करायचे, हा प्रश्न होताच. ही भुकटी प्लास्टिकचीच असल्याने ती डांबरात मिसळण्याची युक्ती काढण्यात आली. २०१८ मध्ये मेलबर्नजवळील क्रेगीबर्न येथे असा एक रस्ता तयार झाला. त्यात सुमारे २ लाख प्लास्टिक पिशव्या व वेष्टने, ६३ हजार बाटल्यांइतकी काच आणि सुमारे ४,५०० कार्ट्रिजमधील टोनर वापरण्यात आला.

पुनर्भरण आणि मालकीचा वाद

टिकणारी वस्तू मोडून तिचा चुरा करण्यापेक्षा ती पुन्हा वापरणे केव्हाही चांगले. आपल्याकडील पुनर्भरणाची दुकाने नेमके हेच करतात. मात्र प्रिंटर कंपन्यांचा नफा शाईवर अवलंबून असल्याने त्यांना हा व्यवसाय रुचत नाही. या संघर्षाचा एक महत्त्वाचा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ३० मे २०१७ रोजी दिला. लेक्समार्क कंपनी काही कार्ट्रिज सुमारे २० टक्के सवलतीत विकत असे. त्यासाठी ग्राहकाने ते एकदाच वापरून फक्त कंपनीलाच परत करावे, अशी अट होती. इम्प्रेशन प्रॉडक्ट्स ही छोटी कंपनी अशी रिकामी कार्ट्रिज मिळवून पुन्हा भरून विकत असे. लेक्समार्कने पेटंटभंगाचा दावा लावला. वस्तू एकदा विकली की तीवरील पेटंटचा हक्क संपतो, असे सांगून न्यायालयाने तो फेटाळला.

न्यायालयात मिळालेले हे स्वातंत्र्य चिपच्या साह्याने मात्र हिरावून घेता येते. सप्टेंबर २०१६ मध्ये एचपीच्या काही प्रिंटरांनी दुसऱ्या उत्पादकांची कार्ट्रिज एकाएकी नाकारली आणि ग्राहकांत संताप उसळला. मूळ एचपी चिप कायम ठेवून भरलेली कार्ट्रिज चालू शकतात, असे कंपनी सांगते. याचाच अर्थ, मूळ चिप असलेल्या रिकाम्या कार्ट्रिजचे मोल अधिक वाढते.

या मोलामागे एक काळी बाजूही आहे. अस्सल कार्ट्रिज आणि त्याचे खोके भंगारातून विकत घेऊन, हलकी शाई भरून ते 'नवे' म्हणून विकण्याचे प्रकार घडतात. पुनर्भरलेला माल तसे सांगून विकण्यात गैर काही नाही. कंपनीच्या नावाने नवा म्हणून विकणे ही ग्राहकाची फसवणूक आणि व्यापारचिन्ह कायद्याखालील गुन्हा आहे.

ग्राहकाने काय करावे?

कार्ट्रिज लवकर बदलू नये. 'टोनर कमी आहे' ही सूचना पुष्कळदा आधीच येते. कार्ट्रिज बाहेर काढून आडवे धरून हलकेच पाच-सहा वेळा हलविल्यास आणखी काही पाने निघतात. इंकजेटवर आठवड्यातून एखादे पान छापावे, म्हणजे शाई वाळून छिद्रे बुजत नाहीत.

पुनर्भरण करायचे असल्यास विलंब लावू नये. वाळलेले मुद्रणशीर्ष सहसा पुन्हा पूर्ववत होत नाही. एकच कार्ट्रिज अमर्याद वेळा भरता येत नाही, हेही लक्षात ठेवावे.

नव्या कार्ट्रिजची पिशवी आणि खोके जपून ठेवावे व जुने कार्ट्रिज त्यातच बंद करावे. टोनर सांडल्यास ओल्या फडक्याने पुसावा, हात थंड पाण्याने धुवावेत. गरम पाण्याने टोनर मऊ होऊन चिकटतो. घरगुती व्हॅक्यूम क्लीनर त्यासाठी वापरू नये. ही बारीक भुकटी त्याच्या गाळणीतून पुन्हा हवेत येते.

परत करण्यासाठी कंपनीच्या भारतीय संकेतस्थळावरील ई-कचरा विभाग पाहावा. नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्रांची माहिती केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, तर राज्यातील केंद्रांची माहिती महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे मिळते. एकट्यादुकट्या कार्ट्रिजसाठी कोणी येत नाही. म्हणून गृहनिर्माण संस्थेत, शाळेत किंवा कार्यालयात एक पेटी ठेवून ती भरली की एकत्रितपणे देणे सोयीचे ठरते. कार्यालयांनी त्याची पावती घ्यावी.

इतर कोणाला खोके द्यायचेच झाल्यास ते फाडून आणि त्यावरील लेबल खरवडून द्यावे. कार्ट्रिज मात्र स्वतः फोडू नये.

नवा प्रिंटर घेताना शाईची टाकी असलेल्या यंत्राचाही विचार करावा. एप्सनने अशी यंत्रे २०१० मध्ये प्रथम इंडोनेशियात आणली. त्यांत बाटलीतून शाई ओतता येते आणि कार्ट्रिजचा प्रश्नच बराचसा उरत नाही. जास्त छपाई करणाऱ्याला ती परवडतात. महिन्याला चार पाने काढणाऱ्याने आधी प्रिंटरची खरोखर गरज आहे का, हे पाहावे.

कार्ट्रिज ही हाताच्या मुठीत मावणारी वस्तू आहे आणि म्हणूनच ती सहज टोपलीत पडते. तिच्यासाठी कायदा आहे, परत घेणाऱ्या कंपन्या आहेत आणि ती पुन्हा भरणारे कारागीरही आहेत. या सर्वांपर्यंत ती पोहोचविण्याचे पहिले पाऊल मात्र ज्याच्या टेबलावर प्रिंटर आहे, त्यानेच उचलावे लागते.