रेसिडेन्सीशिवाय हॉस्पिटलचं दार

अमेरिकेत फार्मसी शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींकडून एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘रेसिडेन्सी मिळाली नाही, आता हॉस्पिटल विसरा.’ कायदा मात्र असं म्हणत नाही. फार्म-डी पदवी, प्रत्यक्ष कामाचे ठरलेले तास, परीक्षा आणि राज्याचा परवाना एवढ्यावर हॉस्पिटलात नोकरी करता येते. मग ही समजूत आली कुठून?

१९२७ साली अ‍ॅन आर्बरला, मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयात हार्वे व्हिटनी यांनी नव्या फार्मासिस्टांसाठी इंटर्नशिप सुरू केली. अशा तऱ्हेची ही पहिलीच. दुकानातलं काम वेगळं, रुग्णालयातलं वेगळं, आणि ते तिथे राबूनच शिकता येतं, हा त्यामागचा साधा विचार. आता गंमत बघा, व्हिटनी स्वतः कुठली रेसिडेन्सी करून आले असणार? पुढे १९४२ मध्ये हॉस्पिटल फार्मासिस्टांची राष्ट्रीय संघटना निघाली, तिचे पहिले अध्यक्ष तेच. १९६०च्या दशकात इंटर्नशिपची ‘रेसिडेन्सी’ झाली आणि तिला मान्यतेचे निकष आले.

खरं वळण २००७ सालचं. रुग्णांशी थेट संबंध येणाऱ्या नव्या पदवीधरांना २०२० पर्यंत रेसिडेन्सी आवश्यक व्हावी, असं धोरण संघटनेने स्वीकारलं. २०२० आलं आणि गेलं. परवान्याला रेसिडेन्सी लागत नाही ती नाहीच. पण मोठ्या रुग्णालयांच्या जाहिरातींत ती अट येऊन बसली. इकडे फार्मसी महाविद्यालयं भराभर वाढली, रेसिडेन्सीच्या जागा त्या मानाने कमी. शिकण्याची वाट होती, तिचा नाका झाला. हे मला योग्य वाटत नाही.

कारण अनुभवाचं मोल या व्यवसायाच्या स्वतःच्याच नियमांत नोंदलेलं आहे. औषधोपचारातल्या तज्ज्ञतेच्या बोर्ड परीक्षेला बसायला एक वर्षाची रेसिडेन्सी चालते, किंवा तीन वर्षांचं प्रत्यक्ष काम. म्हणजे एकास तीन! भाव महाग आहे, पण सौदा नाकारलेला नाही. (अ‍ॅरिस्टॉटल ‘मेटाफिजिक्स’च्या सुरुवातीलाच म्हणतो की वैद्य ‘माणूस’ नावाच्या कल्पनेला बरं करत नाही, समोरच्या कॅलियसला करतो.)

ही तीन वर्षं मिळतात कुठे? जिथे इतरांना जायचं नसतं तिथे. रात्रपाळी: सात रात्री काम, सात रात्री सुट्टी. खेड्यांतली लहान रुग्णालयं, बदली कामगाराच्या पाळ्या. शिकतानाच ज्याने हॉस्पिटलच्या फार्मसीत इंटर्न म्हणून काम केलं, त्याला तिथली माणसं ओळखत असतात, आणि ती ओळख अर्जापेक्षा उपयोगी पडते. सलाइनमधली औषधं तपासणं, मूत्रपिंड बिघडलेल्या रुग्णाचा डोस बदलणं हे रात्री तीन वाजता एकट्याने करावं लागतं, विचारायला जवळ कुणी नसतं. अतिदक्षता विभागातल्या किंवा कर्करोगावरच्या खास जागांना मात्र आजही बहुधा दोन वर्षांची रेसिडेन्सी मागतात.