निरोपांचें जंक्शन

खानदेशांतील श्रोत्यांस भुसावळ जंक्शनाची ओळख करून द्यावयास नको. मुंबईकडून आलेला लोहमार्ग येथें दुभंगतो. एक फांटा नागपुराकडे, दुसरा खांडव्याकडे जातो. मालगाडी रुळांवरून कितीहि वेगानें धांवो, यार्डांतल्या उतरचढींत दिवस गेला तर रावेर-सावद्याचीं केळीं दिल्लीस पोंचेतों काळीं पडावयाचीं. वेग केवळ मार्गाचा नसतो, हाताळणीचाहि असतो. महासंगणक घडविणाऱ्यांस हाच धडा गिरवावा लागला.

क्रे कंपनीचा हवा तो महासंगणक देण्यास अमेरिका राजी होईना, तेव्हां १९८८ सालीं पुण्यांत ‘सी-डॅक’ ही संस्था निघाली. अकोला जिल्ह्यांतले डॉ. विजय भटकर तिचे धुरीण. १९९१ सालीं ‘परम ८०००’ सिद्ध झाला. एकच प्रचंड यंत्र न घडवितां अनेक लहान प्रोसेसर एकत्र राबवावयाचे, ही त्यामागील युक्ति. परंतु काम वांटलें कीं परस्परांस निरोप पाठविणें आलेंच.

निरोप लहान लहान तुकड्यांनीं जातो. त्यांस पॅकेट म्हणतात. जुन्या पद्धतींत प्रत्येक पॅकेट येतांच जाळ्याचें कार्ड प्रोसेसरला हांक मारी. तो हातचें काम टाकून उठे. ऑपरेटिंग सिस्टीम पॅकेट आधीं आपल्या कोठारांत घेई, तपासी, आणि मग त्याची नक्कल कार्यक्रमाच्या स्वाधीन करी. लहान निरोपास तारेंतल्या प्रवासापेक्षां या सोपस्कारांतच अधिक वेळ लागे.

यावर तोड निघाली. ऑपरेटिंग सिस्टीमनें आरंभीं एकदां परवाना द्यावा. पुढें कार्डानेंच पॅकेट थेट कार्यक्रमाच्या स्मृतींत ठेवावें. मधली नक्कल नको, मधला कारकूनहि नको. १९९७ सालीं कॉम्पॅक, इंटेल व मायक्रोसॉफ्ट यांनीं या रीतीचा आराखडा प्रसिद्ध केला. सी-डॅकनें ‘परमनेट’ हें स्वतःचें जाळें रचून तीच वाट धरली. २००३ सालच्या ‘परम पद्म’ यंत्रांत ‘परमनेट-२’ होतें. त्याच्या एकेका दुव्यावरून सेकंदास अडीच अब्ज बिट जात. यंत्राची कमाल शक्ति सेकंदास एक लाख कोटी आकडेमोडींची.

हांकेचा प्रश्न मात्र उरला. प्रोसेसरनें स्वतःच वारंवार डोकावून पाहिलें तर हांका वांचतात. पण निरोप नसतांना हें डोकावणें फुकट जातें. म्हणून लिनक्स प्रणालींत तडजोड झाली: पहिल्या पॅकेटला हांक, मग हांका बंद ठेवून सांचलेलीं पॅकेटें एकदम उचलावयाचीं, आणि रांग संपली कीं पुन्हां हांकेची वाट पाहावयाची.

याचें धुळें-जळगांवच्या कापूसकऱ्यास काय? पुष्कळ. पर्जन्याचा अंदाज काढतांना आकाशाचे चौकोन पाडून ते प्रोसेसरांत वांटतात. प्रत्येक पावलास एका चौकोनानें शेजाऱ्यास वारा, उष्मा व दमटपणा विचारावयाचा असतो. एकाचा निरोप रेंगाळला तर सर्वांस खोळंबावें लागतें. २०१८ सालीं पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेंत याच कामासाठीं ‘प्रत्यूष’ बसविला, आणि तो क्रे कंपनीचाच होता! एके काळीं नाकारलेलें दार उघडलें खरें; पण तोंवर आपल्या लोकांनीं जाळें विणण्याची विद्या हस्तगत केली होती. नकारानें दिलेली ही कमाई थोडी नव्हे.