‘फ्राम’ची तीन वर्षे: वाहत्या बर्फाचा इतिहास

१/ जून १८८१. सैबेरियाच्या उत्तरेस ‘जेनेट’ हे अमेरिकी जहाज समुद्री बर्फात चिरडून बुडाले. तीन वर्षांनी त्यावरील काही वस्तू थेट ग्रीनलंडच्या नैऋत्य किनाऱ्यावर सापडल्या. मध्ये अख्खा आर्क्टिक महासागर पसरलेला होता. मग त्या वस्तू तिथवर पोहोचल्या कशा?

२/ नॉर्वेचे हवामानशास्त्रज्ञ हेन्रिक मोन यांनी तर्क मांडला, की ध्रुवीय बर्फ स्थिर नसून सैबेरियाकडून ग्रीनलंडकडे वाहत असावा. त्यावरून फ्रिट्यॉफ नान्सेन यांनी बेत आखला: जहाज मुद्दाम बर्फात अडकवायचे आणि त्याच्यासोबत वाहू द्यायचे. अनेक नामवंत ध्रुवसंशोधकांनी हा बेत आत्मघातकी ठरवला.

३/ कॉलिन आर्चर यांनी त्यासाठी ‘फ्राम’ बांधले. त्याचा तळ गोलसर होता. बर्फाचा दाब आला की जहाज चिरडले न जाता वर उचलले जाई. सप्टेंबर १८९३ मध्ये ते बर्फात गोठले आणि ऑगस्ट १८९६ मध्ये स्पिट्सबर्गनच्या बाजूला मोकळ्या पाण्यात आले. या प्रवासाला लागले सुमारे ३५ महिने. वाटेत स्थान, तापमान, समुद्राची खोली आणि बर्फाची जाडी यांच्या नोंदी होत राहिल्या.

४/ सप्टेंबर २००६ मध्ये ‘तारा’ ही फ्रेंच नौका जवळपास त्याच वाटेने बर्फासोबत निघाली. जानेवारी २००८ मध्ये ती बाहेरही पडली. अवघ्या १६ महिन्यांत!

५/ एका सफरीवरून निष्कर्ष काढता येत नाही. वाऱ्याची लहरही असते. पण तरंगती यंत्रे आणि उपग्रह यांच्या नोंदीही तेच सांगतात. वर्षानुवर्षे साचलेला जाड बर्फ घटला असून त्याची जागा एकाच हिवाळ्यात गोठलेल्या पातळ बर्फाने घेतली आहे. तो सहज तुटतो, वाऱ्यासोबत वेगाने सरकतो आणि लवकर वितळतो.

६/ सप्टेंबर १९७९ मध्ये आर्क्टिकवरील समुद्री बर्फाचे सरासरी क्षेत्र सुमारे ७० लाख चौरस किलोमीटर होते. सप्टेंबर २०१२ मध्ये ते जवळपास निम्मे, सुमारे ३६ लाख होते.

७/ नान्सेन यांच्या काळी उपग्रह नव्हते. म्हणून तापमानवाढीपूर्वीचा आर्क्टिक कसा होता, हे जाणण्यासाठी अशा जहाजांच्या नोंदवह्यांना आज मोल आहे. ‘फ्राम’ ऑस्लोच्या संग्रहालयात सुस्थितीत उभे आहे. ज्या जाड बर्फाला तोंड देण्यासाठी ते बांधले गेले, तो मात्र झपाट्याने सरत चालला आहे.