तंजावरच्या राजाच्या हाती तुमचा डोळा

पुढे सरका, मागची माणसं ढकलायला लागली आहेत. सकाळी तुम्ही कोल्हापुरात महाद्वार रोडला होता, ते विसरा. आता तुम्ही तंजावरात आहात, दोनशे वर्षं मागे, धन्वंतरी महालाच्या दारात. ऊन असं की दगडी पायरीवर अनवाणी पाय टेकवत नाही. आत खलबत्त्यांचा ठणठणाट चाललाय. कुटलेली सुंठ, तिळाचं तेल आणि त्यातच घोड्याच्या लिदीचा वास, कारण इथे जनावरांच्या औषधांचंही काम चालतं. कानावर तमिळ, तेलुगू आणि मध्येच चक्क मराठी! दचकू नका. ही शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांची गादी, म्हणजे तुमच्या कोल्हापूरच्या छत्रपतींच्या भाऊबंदांचंच घर.

तुमच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय. कारकून तुमचं नाव, वय, किती दिवसांपासून दिसत नाही, सगळं विचारून लिहून घेतो. मग चित्रकार अगदी नाकाशी नाक लावून बसतो. हलू नका! बुबुळातला तो दुधी ठिपका तो रंगात उतरवतोय, कुंचला इतका बारीक की चार केसांचा वाटावा. त्याच्या तोंडाला विड्याचा वास येतोय.

आणि मग सगळे एकदम गप्प होतात. पीळदार मिशांचा, भरदार अंगाचा माणूस समोर येऊन बसतो. हेच सरफोजी राजे. 1798 साली गादीवर आले. राज्याचा कारभार इंग्रजांनी घेतला, आणि राजांनी ग्रंथ, शस्त्रक्रियेची हत्यारं, वनस्पती, यंत्रं यांत जीव ओतला. शेजारी इंग्रज डॉक्टर उभा आहे. मागून दोन राकट हात तुमचं डोकं पकडतात. डोळा बधिर करणारे थेंब जगात यायला 1884 उजाडायचंय, तेव्हा दात आवळा. वरची पापणी उचलली जाते. राजाचा अंगठा तुमच्या गालावर टेकतो, गरम आणि कोरडा. चकाकतं टोक जवळ येतं, आणखी जवळ... पाठीतून घामाची धार. कोणीतरी मराठीत म्हणतं, "झालंच हं, झालंच." एक कळ मेंदूपर्यंत जाते. मग ओली घडी, पट्टी आणि अंधार.

राजाने परक्या, घामट रयतेच्या डोळ्याला स्वतः हात लावावा, हे मला त्याच्या साऱ्या दरबारी थाटाहून मोठं वाटतं.

पट्टी सुटली की बैलगाडीत बसा आणि समुद्राकडे निघा. भाताची खाचरं, ताडाची झाडं, मग वारा खारट होतो. पुढे राजांनी बांधलेला आठ मजली, षट्‌कोनी मनोरा उभा आहे. नेपोलियनचा पराभव झाला म्हणून बांधला, पण रात्री जहाजांना दिवा दाखवतो. याच किनाऱ्यावर त्यांची जहाजं बांधायची गोदी आहे. रंधा, करवत, हातोडे यांनी कान किटतात. ओल्या लाकडाचा, सुकत्या मासळीचा वास कपड्यांत मुरतो. व्यापारी गलबतांना उपयोग व्हावा म्हणून राजांनी हवामान पाहायचीही सोय केली आहे. चला, जिना चढा. वर वाऱ्याने पागोटं उडेल, ते धरा. आता उजवा डोळा झाका. डाव्या डोळ्याला काय दिसतं? पाणी चमकतंय, आणि त्यावर काळसर काहीतरी हलतंय. कडा अजून पुसट आहेत, पण ते शीड आहे. तुम्ही ओरडता, आणि खालचे सुतार मान वर करून बघतात.

सरफोजी राजांच्या रुग्णांचे कागद आणि डोळ्यांची ती रंगीत चित्रं तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आजही जपलेली आहेत. रामेश्वरच्या वाटेवर तंजावरला उतरलात, तर बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर कोरलेला भोसल्यांचा मराठी इतिहास पाहाच; पण ग्रंथालयासाठी अर्धा दिवस वेगळा ठेवा.