पॅट्रिशिया गोल्डमन-राकिक : विचारप्रक्रियेच्या मेंदूशास्त्रीय अभ्यासातील योगदान

प्रस्तावना :
विचार हा दीर्घकाळ तत्त्वज्ञान व मानसशास्त्र यांचाच विषय मानला गेला. कपाळामागील अग्रमेंदूचे कार्य पुरेसे उलगडलेले नसतानाही पोर्तुगालमधील एगास मोनिझ यांनी १९३५ मध्ये मनोरुग्णांच्या याच भागातील मज्जातंतू छेदण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. १९४९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकही मिळाले. ज्ञानाआधीच उपचार रूढ झाल्याचे हे उदाहरण होय. या पार्श्वभूमीवर अमेरिकन संशोधक गोल्डमन-राकिक यांच्या कार्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कारकीर्द व संशोधन :
त्यांचा जन्म १९३७ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील सेलम येथे झाला. १९६३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतून त्यांनी डॉक्टरेट मिळविली. राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील संशोधनानंतर १९७९ मध्ये त्या येल विद्यापीठात रुजू झाल्या. अग्रमेंदू काढलेली माकडे काही क्षणांपूर्वी लपविलेले खाद्य शोधू शकत नाहीत, असे कार्लाईल जेकबसन यांना १९३० च्या दशकात येलमध्येच आढळले होते. १९७१ मध्ये होआकिन फुस्टर व गॅरेट अलेक्झांडर यांनी अशा प्रतीक्षाकाळात क्रियाशील राहणाऱ्या चेतापेशी नोंदविल्या.

गोल्डमन-राकिक यांनी हे धागे एकत्र जोडले. १९७९ च्या संशोधनात, या भागातील डोपामाइन कमी होताच माकडांची अशी स्मरणक्षमता खालावते, हे त्यांनी सहकाऱ्यांसह दाखविले. १९८९ मध्ये फुनाहाशी व ब्रूस यांच्या साहाय्याने त्यांनी पुढचे पाऊल टाकले. पडद्यावरील प्रकाशबिंदू विझल्यानंतरही, त्याची विशिष्ट दिशा लक्षात ठेवताना ठरावीक चेतापेशी क्रियाशील राहतात, असे त्यांना आढळले. समोर नसलेली गोष्ट मनात धरून ठेवणे, म्हणजेच कार्यरत स्मृती, हा विचाराचा पाया आहे. तिचा शोध आता पेशींच्या पातळीवर घेता येऊ लागला. स्किझोफ्रेनियातील विचारविस्कळीतपणाची संगतीही त्यांनी याच स्मृतीतील बिघाडाशी लावली.

निष्कर्ष :
२००३ मध्ये रस्ता अपघातात त्यांचे निधन झाले. चेतापेशींची ही क्रियाशीलता सलग असते की खंडित, याविषयी नंतरच्या संशोधकांत मतभेद निर्माण झाले. तथापि हा वाद प्रयोगांच्या आधारे लढविता येतो, हेच त्यांच्या कार्याचे फलित होय. ज्या भागावर एकेकाळी अंदाजाने शस्त्र चालविले गेले, त्याच्या कार्याची रीत समजून घेण्याची शिस्त त्यांनी घालून दिली. उपचारापूर्वी आकलन हवे, हा त्यांच्या कारकिर्दीचा बोध आहे.