कार्बनची ७.६५ एमईव्ही ऊर्जापातळी : एका मापनाचा इतिहास

प्रस्तावना :
डॉ. जयंत नारळीकर यांचे गुरू म्हणून फ्रेड हॉईल मराठी वाचकास परिचित आहेत. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कार्बनच्या ऊर्जापातळीची कथा वर्गात बहुधा अशी सांगितली जाते की, आपण अस्तित्वात आहोत, म्हणून ही पातळी असलीच पाहिजे, असे हॉईल यांनी ताडले. कथा आकर्षक आहे. परंतु १९५३ मधील लेखनाशी ती जुळत नाही. विज्ञानेतिहासकार हेल्गे क्राग यांनी २०१० मध्ये हे साधार दाखवून दिले. प्रस्तुत लेखात त्या मापनाचाच मागोवा घेतला आहे.

मूळ प्रश्न :
दोन हेलियम अणुकेंद्रांच्या संयोगातून बनणारे बेरिलियम-८ सुमारे १०⁻¹⁶ सेकंदात फुटते. तेवढ्या अवधीतही ताऱ्याच्या तप्त गाभ्यात तिसरे हेलियम अणुकेंद्र त्यास मिळून कार्बन घडू शकतो, हे एडविन साल्पीटर यांनी १९५२ मध्ये मांडले. हॉईल यांना मात्र हा वेग अपुरा वाटला. अशा संथ गतीने बनलेला कार्बन साठण्यापूर्वीच ऑक्सिजनमध्ये रूपांतरित झाला असता. विश्वात तर कार्बन विपुल आहे. तेव्हा बेरिलियम व हेलियम यांच्या एकत्रित ऊर्जेच्या (७.३७ एमईव्ही, म्हणजे दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट) किंचित वर कार्बनची एक उत्तेजित पातळी असावी आणि अनुस्पंदनामुळे अभिक्रिया वेगवान व्हावी, असा त्यांचा तर्क होता. हा तर्क मूलद्रव्यांच्या प्रमाणावर आधारलेला आहे. त्यात मानवाचा उल्लेख नाही.

प्रयोग :
अशा पातळीचा संशय पूर्वीच्या काही प्रयोगांत आला होता, तर १९५१ च्या एका प्रयोगात ती आढळली नव्हती. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या केलॉग प्रयोगशाळेत डनबार, पिक्सले, वेन्झेल व व्हेलिंग यांनी नायट्रोजन-१४ वर ड्यूटेरॉनांचा मारा केला. या अभिक्रियेत अल्फा कण बाहेर पडतो व कार्बन-१२ मागे उरतो. कार्बन उत्तेजित राहिल्यास अल्फा कणाची ऊर्जा त्यानुसार घटते. ही घट चुंबकीय वर्णपटमापकाने मोजली गेली. उत्तर आले ७.६८ एमईव्ही, त्रुटी ०.०३. या कार्याचा जो संक्षिप्त वृत्तांत हॉईल यांच्या नावासह १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याच्या शीर्षकातच ही पातळी खगोलभौतिकीय पुराव्यावरून भाकीत केल्याचे म्हटले आहे. शीर्षकाइतका स्पष्ट पुरावा इतिहासकाराला क्वचितच लाभतो. तरीही प्रचलित कथेत भाकीतकर्ता राहिला आणि मापनकर्त्यांची नावे गळाली, ही बाब अध्यापकांनी लक्षात घ्यावी.

एवढ्याने प्रश्न सुटला नव्हता. पातळी योग्य जागी असली तरी तिची परिवलन व समता ही लक्षणे अनुकूल नसतील, तर तीन हेलियम अणुकेंद्रांपासून ती बनणारच नाही. १९५७ मध्ये कुक, फाउलर आणि चार्ल्स व थॉमस लॉरिट्सन यांनी बोरॉन-१२ च्या ऱ्हासातून हीच पातळी मिळविली. ती फुटून तीन अल्फा कण निघतात, हे त्यांनी दाखविले. जी पातळी तीन अल्फा कणांत फुटते, ती त्यांच्या संयोगातून घडूही शकते. ताऱ्यातील कार्बननिर्मितीची वाट प्रयोगाने खुली झाली ती येथे.